शेवट सांगायचा नाही

कादंबरीच्या शेवटच्या पानावर गोदा आणि तिची सवत एका ताटात जेवायला बसल्या, तेव्हा ऋजुतानं वाचन थांबवलं आणि हातातली वाचनपट्टी विझवून टेबलावर पालथी ठेवली.

आई जाऊन दोन महिने होत आले होते. औषधांच्या वेळांचा गजर अजून वाजायचा. ऋजुता तो बंद करायची, पण काढून टाकायची नाही. घरात आईचं सगळं होतं, फक्त आईचं पुस्तक नव्हतं. आईनं, वैजयंती हिरेमठ यांनी, आयुष्यात एकच कादंबरी लिहिली होती, 'मुक्कामी गाडी'. रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथंच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी. गोदाचा नवरा शंकर त्या गाडीवर ड्रायव्हर असतो, आणि मुक्कामाच्या गावी त्यानं दुसरा संसार मांडलेला असतो. कादंबरीची एकच आवृत्ती निघाली, सांगलीच्या एका प्रकाशकानं काढलेली. उरलेले गठ्ठे त्याच्या गोदामात महापुरात गेले. आता ती फक्त 'ओंजळ' ग्रंथालयात होती. म्हणून ऋजुतानं ती तिथून मागवली होती.

कादंबरी तिनं पूर्वी दोनदा वाचली होती. गोदा आणि सवत एका ताटात जेवल्या नव्हत्या, याबद्दल तिला शंका नव्हती. मग काय झालं होतं, हे आठवायला ती थांबली, आणि तिला नुसतं ते ताट दिसलं.

'ओंजळ' हे मिरजेतल्या स्वयंसेवकांनी चालवलेलं डिजिटल ग्रंथालय. किल्ला भागात एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत त्याचं बस्तान होतं. भिंतीवर अजून तो जुना रंगवलेला पडदा होता, बर्फाचे डोंगर, तळं आणि तळ्यात दोन बदकं. त्या बदकांच्या खाली बसून आईनं वीस वर्षं पुस्तकांचे परिचय लिहिले आणि इतरांकडून लिहून घेतले. परिचय म्हणजे दीडशे-दोनशे शब्द. पुस्तक कशाबद्दल आहे, कसं चालतं, कुणाला आवडेल, कुणाला जड जाईल. "तारीफ नको," ती नव्या लोकांना सांगायची. "वाचकाला दार दाखवा. आत ढकलू नका." आणि सगळ्यात वरचा नियम: शेवट सांगायचा नाही. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी रहस्यकथेच्या परिचयात खुन्याचं नाव लिहिलं होतं. आईनं त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं.

तांत्रिक बाजू बशीर मुल्लासर पाहत. तेही निवृत्त, भूगोलाचे शिक्षक. ऋजुता स्टुडिओत पोचली तेव्हा ते पडद्यापुढच्या खुर्चीत बसून डब्यातला पोहे-चिवडा खात होते.

"सर, आईचा शेवट बदललाय."

"कुणाचा?"

"पुस्तकाचा. शेवटच नाही, बरंच काही. गोदाची सासू तिरळी होती, आता तिला दम्याचा विकार आहे. पण शेवट तर..." तिनं वाचनपट्टी पुढे केली.

सरांनी पान वाचलं. मग डब्याचं झाकण लावलं. चिवडा अजून अर्धा होता.

"टाके उसवलेत याचे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बस. सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. तीन उन्हाळ्यांपूर्वी, माणसांनाच पाणी पुरेना तेव्हा, माहिती साठवणाऱ्या केंद्रांना यंत्रं थंड ठेवायला मिळणारं पाणी सरकारनं तोडलं. प्रत्येक सार्वजनिक संस्थेला साठवणीची जागा मोजून मिळू लागली. 'ओंजळ'च्या वाट्याला आधीच्या जागेचा जेमतेम दहावा हिस्सा आला. पुस्तकं त्यात मावणं शक्य नव्हतं. तेव्हा पुनर्लेखक आला, पुस्तकं पुन्हा लिहून देणारं यंत्र.

"तुला नकाशावरच्या समोच्च रेषा आठवतात? डोंगर नकाशावर नसतो. दहा-बारा रेषा असतात, आणि ज्यानं डोंगर पाहिलेत तो मधला उतार मनानं भरतो. हे यंत्र तसंच. यानं इतकं वाचलंय, की पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज त्याला असतो. मग अख्खं पुस्तक कशाला साठवायचं? यंत्राचा अंदाज जिथं चुकेल तेवढीच दुरुस्ती साठवायची. तिला आम्ही टाका म्हणायचो. परिचय आणि टाके दिले, की यंत्र पुस्तक पुन्हा लिहून देणार, हुबेहूब, काना-मात्रेसकट. त्यात काही खोट नव्हती."

"मग?"

"मग गेल्या वर्षी जागा पुन्हा निम्मी झाली. समितीनं ठरवलं, ज्या पुस्तकांना फारशी मागणी नाही, त्यांचे टाके काढायचे. नुसता परिचय ठेवायचा. बाकी यंत्र भरेल."

"भरेल? न वाचलेलं पुस्तक?"

"आम्ही चाचणी घेतली होती की! टाके न देता यंत्राकडून वीस-पंचवीस पुस्तकं लिहून घेतली. जवळजवळ शब्द न् शब्द जुळला. पेढे वाटले आम्ही इथं."

"कुठली पुस्तकं घेतली होती, सर?"

"चांगली. म्हणजे नावाजलेली. शाळेत लागलेली."

"ती यंत्राला पाठच असणार."

"हो," सर म्हणाले. "हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझी आई तेव्हा इथं असती तर विचारलं असतं तिनं. पण त्या वेळी बाई केमोला जात होत्या."

ऋजुतानं मूळ प्रत कुठे आहे ते विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. पुस्तकं स्कॅन करताना आधी कणा कापून पानं सुटी करावी लागत. यंत्रातून निघाली की ती रद्दीत जात. आईनं स्वतःजवळची शेवटची प्रत स्वतःच कापायला दिली होती, आणि घरी येऊन म्हणाली होती, "झालं बाई. आता पुराला भ्यावं लागणार नाही."

सरांनी 'मुक्कामी गाडी'चा परिचय उघडला. आईनंच लिहिलेला होता. 'एसटी ड्रायव्हरची बायको गोदा हिला वर्षानुवर्षं एक गोष्ट कळलेली असते आणि कळली नाही असं ती दाखवत असते. ही त्या दाखवण्याची गोष्ट आहे. भांडणं, रडणं यांत फारसं नाही. स्वयंपाक बराच आहे. घरातली शांतता ज्यांना ओळखीची आहे आणि तिची भीतीही वाटते, त्यांना जवळची वाटेल. घटना भराभर घडाव्यात असं वाटणाऱ्यांना कंटाळा येईल. एका संध्याकाळी गोदा डबा भरते आणि स्वतःच मुक्कामी गाडीत जाऊन बसते.'

परिचय तिथंच संपत होता.

"बाईंनी स्वतःच्या पुस्तकाचाही शेवट दिला नाही," सर म्हणाले.

"कुणाच्याच पुस्तकाचा दिला नसेल, सर. कुणालाच देऊ दिला नसेल."

दोघांनी टाके उसवलेली आणखी काही पुस्तकं मागवली. ग्रंथालयात अशी हजारो होती. सर शेवटची पानं मोठ्यानं वाचत गेले. एका कादंबरीत कर्जबुडवा भाऊ परत येऊन आईच्या पाया पडत होता. एकीत विधवा बाई अंगणात तुळस लावत होती. एका चरित्रातला नायक, जो तुरुंगात उपाशी मेला होता हे दोघांनाही पक्कं आठवत होतं, नातवंडांना गोष्ट सांगत होता.

"अरे, यानं खून केलाय!" सर पुढचं पुस्तक वाचताना ओरडले. "याला फाशी झाली पाहिजे. आणि हा बसलाय रोपवाटिका काढून!"

ऋजुता हसली. आई गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती आणि ते तिच्या लक्षात आलं.

"लोकांच्या तक्रारी नाहीत?" तिनं विचारलं.

सरांनी 'मुक्कामी गाडी'खालचे अभिप्राय दाखवले. शेकडो होते. 'रडवलंत हो ताई.' 'दोघी एकत्र आल्या, मन भरून आलं.' 'सासूबाईंना वाचून दाखवली.' पुस्तक निघाल्यापासून आईला आलेली सगळी वाचकपत्रं एका कंपासपेटीत मावली असती.

"काढून टाकू का?" सरांनी हळूच विचारलं. "तू घरची आहेस. तू म्हणालीस तर आत्ता काढतो."

"काढलं तर काय राहील?"

सरांनी अभिप्रायांचं पान बंद केलं.

समितीची बैठक झाली. फार आरडाओरडा झाला नाही. माणसं म्हातारी होती, आणि चूक कुणा एकाची नव्हती. दिवाळीनंतर 'ओंजळ' राज्याच्या सामाईक संग्रहात विलीन होणार होतं, आणि तिथं गेलेल्या परिचयाला मग कुणालाही हात लावता येणार नव्हता. तोवर प्रत्येक परिचयाला तीन-चार ओळी जोडण्याची मुभा मिळाली. ज्यानं पुस्तक वाचलंय त्यानं आठवून शेवट लिहायचा. आईचा नियम एकमतानं रद्द झाला. ठराव वाचताना मुल्लासरांनी चष्मा दोनदा पुसला.

मग फोटो स्टुडिओत दिवसभर फोन सुरू झाले.

"खुनी दीर होता हो!"

"दीर कसा? डॉक्टर! दीर तर पहिल्याच प्रकरणात मेला."

"तो दुसऱ्या पुस्तकातला दीर."

"तुम्ही वाचलंय का नक्की? का सिरियल बघितलीत?"

बऱ्याच जणांनी आधी यंत्राचं पुस्तक मागवून वाचलं, आठवण ताजी करायला, आणि तोच शेवट लिहून पाठवला. काहींनी आपल्याला जसा हवा होता तसा पाठवला. ऋजुता आलेले शेवट तपासायला बसायची. तपासायचं कशाशी, हा प्रश्न होता. सात-आठशे पुस्तकांचे शेवट आले. बाकीच्यांचे वाचक बहुधा उरलेच नव्हते.

स्वतःच्या पुस्तकाला, म्हणजे आईच्या, तिनं हात लावला नव्हता. रोज थोडा वेळ ती डोळे मिटून ती गाडी आठवायची. गाडी गावात पोचते. पाराजवळ थांबते. माणसं उतरतात, कोंबड्यांची पाटी उतरते. दिवे मालवतात. गोदा उतरत नाही. खिडकीशी, अंधारात, मांडीवर डबा घेऊन एकटी बसून राहते. इथवरचं तिचं होतं. हे तिनं वाचलं होतं, एकदा वसतिगृहात, एकदा लग्न मोडून घरी परत आल्यावर. शंकर गाडीला फेरी मारतो, काच पुसतो. गोदा आत आहे हे त्याला कळतं की नाही? तो दार लावून त्या घरी निघून जातो? गोदा हाक मारते? इथं आलं की ताट यायचं. सवत ताट घेऊन गाडीत चढायची, वाफाळलेल्या आमटीसकट. ऋजुता तिला घालवून द्यायची, पण आमटीचा वास मागे राहायचा.

शेवटी ती मंगलमावशींकडे गेली. मंगलमावशी आईच्या शाळेतली मैत्रीण. हस्तलिखित सगळ्यात आधी त्यांनी वाचलं होतं. आता त्या मुलाकडे सांगलीत असत. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"शेवट? आठवतो की! न आठवायला काय झालं?" त्या कॉटवर सरसावून बसल्या. "गोदा गाडीतून उतरते, सरळ त्या भवानीच्या दारात जाते, आणि शंकऱ्याच्या मुस्कटात मारते. अशी! खाडकन्!"

"आईनं असं लिहिलं होतं?"

"मग? सगळ्या गावादेखत."

"मावशी, मी दोनदा वाचलंय. असं काही नव्हतं."

"तू लहान होतीस."

"एकतीस वर्षांची होते."

मंगलमावशींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तिला मी सांगितलेलं तसं लिही म्हणून. हात जोडून सांगितलं. वैजू, एक तरी मुस्कटात लगाव, म्हटलं. नुसती हसली. मग लिहिलं का नाही, देव जाणे." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "माझ्या डोळ्यांपुढं तर तेच येतं बाई. इतकी वर्षं तेच येतंय."

"आणि आईनं काय लिहिलं होतं?"

"हे बघ, तू तिची लेक. तुला काय पाहिजे ते लिही. ती काय बघायला येणार आहे?" मग त्यांचा आवाज उतरला. "आली असती तर मीच विचारलं असतं तिला."

परत येताना ऋजुतानं मनात एक वाक्य केलं. 'शंकरनं दार लावलं, आणि गोदाला पहिल्यांदाच वाटलं की मुक्काम तिचा आहे.' घरी येऊन तिनं ते लिहिलं, वाचलं आणि खोडलं. वाक्य सुबक होतं. आई सुबक लिहीत नसे. सुबक वाक्य सुचलं की ती ते मुद्दाम मोडायची.

मुल्लासर म्हणाले, "दार लावून जातो असं लिही ना. शोभेल."

"शोभेल म्हणून लिहायचं?"

"यंत्र तरी दुसरं काय करतं?" ते बोलून गेले आणि मग म्हणाले, "माफ कर. मी ओशाळलोय या सगळ्यानं, म्हणून तोंडाला येतं ते बोलतो."

"आईचा आणखी एक नियम होता, सर. जे नक्की वाचलंय तेवढंच लिहायचं."

"होता. आणि तिसराही होता. पुस्तकाशी आपलं नातं असेल तर ते परिचयाखाली लिहायचं. स्वतःच्या पुस्तकाखाली 'लेखिका स्वतः' असं लिहिणारी ती एकटीच. बाकीचे टोपणनावानं स्वतःची आरती करायचे."

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी ऋजुता त्या बदकांच्या खाली बसली. एकदा तिला वाटलं, सरळ पुस्तक काढून टाकावं. पण मग गोदाही जाणार, तो डबाही जाणार, आणि 'स्वयंपाक बराच आहे' असं स्वतःबद्दल लिहिणारी आई जाणार. तिनं आईच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

'गाडी मुक्कामी पोचते. सगळे उतरतात. गोदा उतरत नाही. यापुढचं मला नक्की आठवत नाही. मूळ शेवट आता कुणाकडेच नाही. तो रचू नये, पुस्तक इथंच थांबवावं. — ऋजुता हिरेमठ, लेखिकेची मुलगी.'

तिनं दोनदा वाचलं. सगळं खरं होतं. मुल्लासरांनी खांद्यावरून पाहिलं, मान हलवली आणि परिचय पाठवून दिला.

दिवाळी झाली. 'ओंजळ' सामाईक संग्रहात गेलं. स्टुडिओची जागा मालकाला परत द्यायची होती. पडदा कुणी न्यायचा यावरून थोडी वादावादी झाली आणि शेवटी तो कुणीच नेला नाही. ऋजुता शाळेत पुन्हा शिकवायला जाऊ लागली. महिनाभर तिनं धीर धरला. मग एका रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, तिनं 'मुक्कामी गाडी' मागवली आणि सरळ शेवटाकडे गेली.

गाडी गावात पोचली. पाराजवळ थांबली. सगळे उतरले. गोदा उतरली नाही. अंधार झाला.

मग मागच्या बाकावर कुणीतरी हललं. एक तरुण मुलगी उठून पुढे आली आणि गोदाशेजारी बसली. 'आई,' ती म्हणाली. आईनं जिला मूलबाळ दिलं नव्हतं त्या गोदानं वळून पाहिलं आणि तिला आश्चर्य वाटलं नाही. 'तू त्यांच्यावर रागावली होतीस ना?' मुलीनं विचारलं. गोदा हसली. 'यापुढचं मला नक्की आठवत नाही,' ती म्हणाली. मुलीनं तिचा हात धरला. 'मग इथंच थांबू या.' दोघी डबा उघडून जेवल्या. पुढे आणखी पानभर होतं. उजाडत होतं, गाडीच्या काचेवर दव होतं, आणि मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

सूचना यंत्रानं सूचना म्हणून वाचलीच नव्हती. जे जे शब्द दिले ते ते त्यानं गोष्टीत नेऊन बसवले होते. तिलाही.

मुल्लासरांना फोन केला तेव्हा त्यांनी तिच्याकडून अख्खं पान वाचून घेतलं.

"आता बदलता येत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"ऋजुता, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचारा."

"वाईट नाहीये ते."

"नाही," ती म्हणाली. "वाईट नाहीये."

खाली अभिप्राय येऊ लागले होते. 'मुलगी आली ते फार बरं झालं. नाहीतर बिचारी एकटीच बसली असती.' आणखी एका बाईनं लिहिलं होतं, 'लेखिकेला माझा नमस्कार कळवा.'

ऋजुतानं वाचनपट्टी बंद केली, डोळे मिटले आणि ती गाडी आठवायला बसली. पार आला. माणसं उतरली, कोंबड्यांची पाटी उतरली. दिवे मालवले. खिडकीशी, अंधारात, मांडीवर डबा घेऊन गोदा बसली होती.

शेजारी ती मुलगी बसली होती. ऋजुतानं तिला उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. थोड्या वेळानं ऋजुतानं प्रयत्न सोडला आणि दोघींकडे नुसती पाहत राहिली. गोदा एकटी होती तेव्हा तिचा चेहरा कसा होता, ते तिला आता आठवत नव्हतं.